एक तोळ्याची गोळी आणि भाच्याचा एल्क

भाचा कोलोरॅडोत असतो, डेन्व्हरच्या बाजूला, आता तिथला सिटिझनच आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सअॅप कॉल, म्हणजे तिकडं दुपारचे बारा, मला वाटलं ताईचं काहीतरी दुखणंखुपणं असेल, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "मामा, एल्कला कुठली रायफल घेऊ?"

मी म्हटलं लेका, मी आयुष्यात मारलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे बाथरूममधली पाल, आणि तीही चपलेनं. तर म्हणतो, "तसं नव्हं, तुम्ही दुधाळीला होता की!"

दुधाळीला होतो हे खरं. कॉलेजात असताना दोन-अडीच वर्षं दुधाळीच्या रेंजवर पॉइंट टू-टू (.२२ ची लहान रायफल) मारायचो, जिल्ह्याच्या पुढं काही गेलो नाही. पण कोल्हापुरात बंदुकीचं नाव काढलं की घरात एक तरी 'जाणकार' असतोच, कारण तेजस्विनी सावंत इथली, राही सरनोबत इथली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ आणलेला स्वप्नील कुसाळे तर आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तर आमच्या घरातला तो जाणकार मी. त्यात जूनमध्ये ताईला घेऊन मला तिकडं जायचंच होतं, म्हणून म्हटलं थांब, वाचतो जरा आणि येतो.

आधी एल्क म्हणजे काय ते, कारण मलाच घोळ झाला होता. युरोपात एल्क म्हणतात तो वेगळा, अमेरिकेत त्याला मूस म्हणतात. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी, आपल्या सांबराच्या भावकीतला, पण मोठा. रॉकी डोंगरातला चांगला नर तीनशे-सव्वातीनशे किलोचा, मादी सव्वादोनशेच्या आसपास. आपल्या दाजीपूरच्या गव्याएवढा नाही, गवा फार पुढं जातो, पण सांबर बघितलं असेल तर त्याच्याहून मोठा धरा, जाड कातडं, रुंद खांद्याचं हाड, आणि माजावर आलेला नर चिखलात लोळून अंगावर वाळलेल्या गाऱ्याचा थर घेऊन फिरतो ते वेगळंच.

(आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ते बरंच आहे. न्यू पॅलेसच्या म्युझियममधली पेंढा भरलेली जनावरं बघून लहानपणी मला आधी भीती वाटायची आणि नंतर वाईट. तिकडचं वेगळं आहे, सरकार कळप मोजतं, लायसन वाटतं, ट्रेनिंगचं कार्ड लागतं, भगवं किंवा गुलाबी जॅकेट आणि टोपी घालावी लागते, मांस वाया घालवलं तर गुन्हा. ज्याला वाद घालायचाय त्यानं कॉमेंटमध्ये घाला, इथं रायफलचं बोलू.)

भाच्यानं माझी वाट काही बघितली नाही. मी पोचलो तोपर्यंत त्यानं रायफल घेतलेली होती, .३०० विनचेस्टर मॅग्नम. एका दुकानात गेला, काउंटरवरच्या माणसाला सांगितलं एल्क मारायचाय, पहिल्यांदाच, आणि त्या माणसानं ही गळ्यात मारली, की एल्क चिवट असतो, कमी पडायला नको. आपल्याकडं नाही का, मुलगा दहावीला पहिल्या वर्गात आला की लगेच बुलेटच पाहिजे, आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. तसंच.

आणि विमानतळावर बघतो तर याच्या उजव्या भुवईच्या वर चंद्रकोर. ताईला वाटलं सूनबाईनं गंध लावून पाठवलंय, खूष झाली. ती स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, कडा लागलेली होती. पहिल्याच दिवशी दस्ता खांद्यात नीट रोवला नाही, डोळा स्कोपच्या अगदी जवळ नेला आणि रायफलीनं मागं येऊन शिक्का मारला. तिथले लोक याला हसतात, म्हणजे इतकं कॉमन आहे ते.

आता कॅलिबर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी इंचात, .३० म्हणजे इंचाचे शंभरातले तीस भाग. पण नुसत्या रुंदीवर काही ठरत नाही, त्याच .३० च्या गोळीमागं पुंगळीत दारू किती भरलीय त्यावर वेग ठरतो. .३०८ विनचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विन मॅग, तिन्हींची गोळी एकाच जाडीची, फक्त मागचा डबा लहान, मध्यम, मोठा. .३०-०६ ला तिकडं थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात, तो ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकन लष्करानं काढलं ते. सव्वाशे वर्षं व्हायला आली आणि अजून एल्कच्या मागं जाणाऱ्या लोकांत हे काडतूस पहिल्या पंगतीला बसतंय.

कोलोरॅडोचा कायदा काय म्हणतो ते आधी बघितलं. एल्कला कमीत कमी .२४ कॅलिबर, गोळी कमीत कमी ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप, ते पुढं सांगतो), ती फुलणारी, म्हणजे आत गेल्यावर तोंड पसरणारी पाहिजे, आणि १०० यार्डावर १००० फूट-पाउंडाची ताकद पाहिजे, फूट-पाउंड हे गोळीच्या जोराचं माप. हा झाला पास होण्यापुरता पस्तीस टक्क्यांचा हिशोब. जुने शिकारी एल्कला गोळी जिथं लागते तिथं १५०० फूट-पाउंड धरतात. हा काही निसर्गाचा नियम नाही, पण अंदाजाला बरा. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी नळीतून साधारण २७०० फूट सेकंदाला निघते म्हणजे २९०० च्या वर फूट-पाउंड. .३०० विन मॅगची तीच गोळी २९६० नं जाते, ३५०० च्या आसपास. ६.५ क्रीडमूर हे काडतूस, जे २००७ ला आलं आणि हल्ली सगळी पोरं ज्याच्या नादाला लागलीत, ते १४३ ग्रेनच्या गोळीनं २३०० च्या घरात, आणि ते १५०० ची रेघ साधारण ४०० यार्डाच्या जरा आधी ओलांडून खाली जातं. म्हणजे क्रीडमूरनं एल्क पडत नाही असं नाही, पडतो, पण चूक झाली तर पदरात कमी उरतं.

आता हा ग्रेन. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे त्यामुळं जरा सहन करा. आमचे आजोबा गुजरीत एका पेढीवर कारकून होते. ग्रेन, गुंज, मासा, तोळा हे सगळं त्यांच्या तोंडात. इंग्रजांनी १८३३ ला तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनवर. म्हणजे .३०-०६ ची ती १८० ग्रेनची गोळी म्हणजे एक जुना तोळा, ११.६६ ग्रॅम, आत्ताचा दहा ग्रॅमवाला नाही! हे मला भाच्याच्या गॅरेजमध्ये काट्यासमोर उभा असताना सुचलं आणि मी एकटाच हसत सुटलो. मग सगळंच तोळ्यात बसवलं. दुधाळीवर मी मारायचो ती पॉइंट टू-टूची ४० ग्रेन, पाव तोळ्याला थोडी कमी. .२७० ची १३० ग्रेन, पाऊण तोळ्याला जराशी कमी. क्रीडमूरची १४३, पाऊण तोळ्याच्या जरा वर. १६५ ग्रेन म्हणजे बरोबर अकरा मासे (बारा माशांचा तोळा). आणि .३३८ विन मॅगची २२५ ग्रेन म्हणजे सव्वा तोळा! भाच्याला ग्रेन डोक्यात बसत नव्हते, तोळ्यात सांगितल्यावर ताईलासुद्धा समजलं. ती म्हणाली, "एवढं सोनं जनावरात घालवायचं?"

गोळी जड बरी का हलकी आणि वेगवान, यावर तिकडं जुनं भांडण आहे. जॅक ओकॉनर म्हणून मोठा शिकारी लेखक होता, तो .२७० चा भक्त, म्हणायचा वेग आणि नेम असेल तर पाऊण तोळा पुष्कळ झाला. दुसरा आयडाहोचा एल्मर कीथ, तो जड गोळीचा, .३३ च्या खालचं त्याला एल्कला पसंतच नसायचं. दोघांचं लिहिण्यातून जन्मभर चाललं, आणि दोघांनीही एल्क मारले. आपल्याकडं तांबडा आधी का पांढरा आधी तसलं. मला विचाराल तर दोघंही गोळ्यांच्या बाबतीत त्यांच्या काळातले होते, आणि गोळी त्यानंतर पार बदलली. खरी मेख तिथं आहे, आणि बहुतेक नवीन लोक कॅलिबरवरच अडकतात.

भाच्याच्या शेजारी एक म्हातारबा राहतात, चाळीस वर्षं एल्क मारतायत. त्यांच्या गॅरेजमध्ये लोणच्याच्या बरणीएवढी काचेची बरणी आहे, त्यात जनावरातून निघालेल्या गोळ्या. बरणीतून त्यांनी दोन गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. पहिली म्हणजे अळंबी. पुढचं तोंड फुलून मागं वळलेलं, तांब्याच्या चार पाकळ्या, खाली दांडा शाबूत. काट्यावर ठेवली, मूळची १६५, भरली १६३. दुसरी बघितली तर तांब्याचं फाटकं टरफल, आत शिशाचा एवढासा तुकडा चिकटलेला, कडा इतक्या धारदार की माझ्या अंगठ्याला लागली. मूळची १८०, भरली ७१. एक तोळा गेला होता आणि पाच मासेसुद्धा परत आले नव्हते. म्हातारबांनी सांगितलं की ही दुसरी खांद्याच्या हाडावर जवळून बसली, फुटली आणि फुप्फुसापर्यंत पोचलीच नाही, दुसरी मारली म्हणून जनावर मिळालं.

साधी गोळी असते ती वर तांब्याचा पातळ पत्रा आणि आत शिसं. हरणाला ती छान, पण एल्कच्या हाडावर जोरात आदळली की पत्रा एकीकडं आणि शिसं एकीकडं. जॉन नॉसलर म्हणून एक माणूस १९४६ ला कॅनडात मूस मारायला गेला, .३०० एच अँड एच घेऊन, म्हणजे वेग भरपूर, आणि चिखल वाळलेल्या कातड्यावर त्याच्या गोळ्या वरच्या वर फुटायला लागल्या. त्यानं घरी येऊन गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत ठेवली, पुढचं शिसं फुलू दे, मागचं भिंतीमागं सुरक्षित. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून विकायला आली, आजही मिळते. आपल्या चाळीतल्या खोलीला मधे पार्टिशन घालतात तसंच अगदी, नावही तेच. नंतर बाँडेड आल्या, त्यात शिसं पत्र्याला आतून डाखच दिल्यासारखं चिकटवलेलं असतं. आणि मग बार्न्सनं १९८९ ला शिसंच काढून टाकलं, अख्खी गोळी तांब्याची, पुढं भोक, ते उघडून पाकळ्या होतात. माझ्या हातातली पहिली होती ती त्या जातीची.

तांब्याचा एक फायदा मांसाचा. शिशाची गोळी फुटली की बारीक कण मांसात जातात, आणि उरलेल्या आतड्या-कोथळ्यातून गिधाडांच्या पोटात. कॅलिफोर्नियात कंडोर नावाचं त्यांचं मोठं गिधाड त्यानं मरायला लागलं, म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथं शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद. तोटा असा की तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळं तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि फुलायला तिला वेग लागतो, लांबवर वेग पडला की ती नुसती भोक पाडून जाते. म्हणून तांब्याची घ्यायची तर वजनात एक पायरी खाली उतरायचं, १८० च्या ऐवजी १६५-१६८, आणि अंतर आवरतं ठेवायचं.

एक गंमत सांगतो. फुलणाऱ्या गोळीचं जगभर गाजलेलं नाव आपल्या देशातलं. कलकत्त्याजवळ दमदम नावाच्या ठिकाणी इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता, तिथं १८९० च्या दशकात पुढचं शिसं उघडं ठेवलेल्या गोळ्या केल्या, म्हणून जगभर त्यांना दमदम म्हणतात. १८९९ ला हेगला ठराव होऊन युद्धात त्या बंद झाल्या. म्हणजे माणसाला मारायला फुलणारी गोळी चालत नाही, आणि जनावराला मारायला फुलणारीच पाहिजे, न फुलणारी मिलिटरीची गोळी कोलोरॅडोत एल्कला वापरली तर तुम्हीच आत! ऐकायला उलटं वाटतं, पण न फुलणारी गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर तासन्‌तास मरत राहतं.

आजोबांचं एकदा तसं झालं होतं. ७२ च्या आधीची गोष्ट, पिकाच्या राखणीला म्हणून त्यांच्या भावाकडं बाराबोर होती, दोघं राधानगरीच्या बाजूला सांबराच्या मागं गेले, लांबून बार टाकला, लागला पण पडलं नाही, ओढ्यात उतरलं. रात्रभर कंदील घेऊन शोधलं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या डोंगरावर गिधाडं उतरली. आजोबांनी त्यानंतर बंदूक धरली नाही, आणि हे सांगताना ते कधी पूर्ण सांगायचे नाहीत, गिधाडांपाशी आले की उठून पाणी प्यायला जायचे.

तर भाच्याला मी पहिला प्रश्न कॅलिबरचा नाही विचारला, म्हटलं चल रेंजवर. तिथं एक जुनी युक्ती केली, दुधाळीवर नव्या पोरांना करायचे ती. म्हटलं तू बघू नको, काडतूस मी भरणार, तू फक्त नेम धर आणि खटका ओढ. पहिलं खरं भरलं, धाडकन आवाज, गोळी कागदावर चार इंच खाली. दुसऱ्या वेळी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, नुसताच मागंपुढं केला, आत काहीच नाही. यानं श्वास रोखला, खटका ओढला, 'टिक' झालं, आणि नळी सरळ दोन इंच खाली गेली, डोळे घट्ट मिटलेले, खांदा पुढं. बार उडालाच नव्हता आणि हा धक्का खाऊन मोकळा! मी काहीच बोललो नाही, शेजारच्या लेनवरची एक आजीबाई मात्र फिस्सकन हसली.

यालाच फ्लिंच म्हणतात. .३०० विन मॅगचा धक्का त्याच वजनाच्या रायफलीत .३०-०६ च्या सव्वा-दीडपट धरा, आणि त्यात भुवई फुटलेली, मग शरीर आधीच घाबरतं, मन कितीही म्हणू दे. दुधाळीवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असायचं, एल्कच्या फुप्फुसाची जागा जेवणाच्या ताटाएवढी आहे, पण घाबरलेला माणूस शंभर मीटरवर ताटही चुकवतो. दोन इंच नळी हलली तर दोनशे यार्डावर गोळी जनावरातच नसते, किंवा वाईट म्हणजे पोटात असते.

आठवडाभर आम्ही मला आठवत होतं ते सगळं केलं. रिकाम्या रायफलीवर रोज संध्याकाळी पन्नास खटके, स्कोपवर नाणं ठेवून, नाणं पडता कामा नये. मग भाड्यानं पॉइंट टू-टू, मग म्हातारबांची जुनी .३०-०६. त्या रायफलीवर तिसऱ्या दिवशी पोरगं बसून दोनशे यार्डावर ताटात गोळ्या घालायला लागलं. ती .३०० त्यानं थोडा तोटा खाऊन विकली आणि .३०-०६ घेतली. त्याच्या बायकोला वाटलं मामा आले आणि आणखी एक बंदूक आली, माझ्यावर दोन दिवस राग होता.

गोळी ठरवली १८० ची बाँडेड. खरं सांगायचं तर मला १६५ ची तांब्याची जास्त पटत होती, ती बरणीतली अळंबी डोळ्यासमोरून जात नव्हती, पण त्याच्या रायफलीनं ती कागदावर विखरून टाकली आणि बाँडेड तिन्ही एका रुपयाच्या नाण्यात. रायफलीला काय आवडतं ते रायफलच सांगते, तिथं आपलं मत चालत नाही. म्हणून दोन-तीन प्रकारचे डबे घेऊन आधी मारून बघावेत, महाग पडतं, पण डोंगरात कळण्यापेक्षा बरं.

अंतराचं मी त्याला कडक सांगितलं. २०० यार्डावर नेम जुळवलेला असेल तर हीच गोळी ३०० वर आठ-नऊ इंच खाली पडते आणि ४०० वर दोन फूट. युट्यूबवर लोक सातशे-आठशेवरनं मारतात ते बघू नको, गोळीला तिथं पोचायला सेकंदभर लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. तू धापा टाकत दहा हजार फुटांवर चढलेला असशील, छाती भात्यासारखी, हात थंडीनं आखडलेले. तीनशेच्या पुढं खटक्यावर बोट ठेवायचं नाही, आणि बसून किंवा सॅकवर टेकवूनच मारायचं. जनावर आडवं उभं पाहिजे, पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. मागून मारायचं नाही. आणि लागलं तरी एल्क तसाच उभा राहतो बऱ्याचदा, काही झालंच नाही असा, त्यामुळं लगेच बोल्ट मागंपुढं आणि दुसरी तयार, उभा आहे तोवर मारत राहायचं.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या रायफल सीझनला तो आणि म्हातारबा गेले. चार दिवस काहीच नाही, फोन नाही, ताई इकडं अंबाबाईला नवस बोलत बसलेली, एल्कसाठी नाही, पोरगं सुखरूप यावं म्हणून. पाचव्या दिवशी फोटो. मादी होती, लायसन मादीचंच होतं. १९० यार्ड, आडवी, सॅकवर टेकवून. पहिली लागली, ती हललीच नाही, यानं दुसरी घातली, मग चाळीस-पन्नास पावलं गेली आणि बसली. नंतर कळलं पहिल्यानंच काम झालं होतं. गोळी मात्र मिळाली नाही, दोन्ही आरपार जाऊन डोंगरात, म्हातारबांच्या बरणीत याच्या नावानं काही पडलं नाही.

मारायला एक सेकंद आणि मांस खाली आणायला दीड दिवस, ते त्यानं सांगितलं ते ऐकूनच माझे गुडघे दुखले. तुकडे करून पिशव्यांत भरून पाठीवर, दोघांच्या तीन-तीन खेपा.

रात्री परत साडेअकराला कॉल. "मामा, मटण लई कोरडं हाय, चरबीच नाही, तांबडा कसा करू?" मी फोन ताईकडं दिला. ती म्हणाली तेल जास्त घाल, कुकरला दोन शिट्ट्या वाढव, आणि खोबरं भाजताना फोनवर बोलत बसू नको, जळतंय. दोन किलो कांदा-लसूण मसाला गेल्या आठवड्यात कुरिअरनं पाठवला, कस्टमवाले सोडतायत का बघू.